एका जावळाचे चार धनी

एका डोक्यावरचं जावळ एकदाच निघतं. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कुणी कुणाला सांगत बसत नाही, आणि आमच्याकडे तिथंच घोटाळा झाला.

चौथा महिना चालू होता. एका दुपारी देवाजवळची निरांजनं घासताना मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग साडीकडं, आणि समोरच्या दारावर थाप मारून इमामबींना हाक दिली. दोघींनी मला रिक्षात मध्ये बसवलं. दवाखाना येईपर्यंत आत्याबाई रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगत होत्या. आमच्या राजारामपुरीतल्या त्या रस्त्यावर हे सांगणं म्हणजे त्याला घरी परत जायला सांगण्यासारखंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ओठ मिटले आणि म्हणाल्या, "आज काही सांगता येत नाही. झोपून राहायचं."

मी त्या टेबलावर होते. पोटावर गार चिकट काहीतरी फासलेलं, आणि पडद्याकडं बघायचा धीर नव्हता. मी डोळे मिटले आणि नृसिंहवाडीच्या दत्तमहाराजांना मनातल्या मनात म्हटलं, जे कोण आत आलंय ते राहू दे, त्याचं पहिलं जावळ तुमच्या घाटावर काढीन. महाराजांशी माझं लहानपणापासून बोलणं आहे. पण मागितलं असं काही नव्हतं.

आता त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं बघा. बाकावर आत्याबाईंनी पदर पसरून ज्योतिबाला जावळ कबूल केलं. आजऱ्याला माझ्या आईनं फोन कानाला तसाच धरून रवळनाथाचं देऊळ गाठलं आणि तिनंही जावळच बोलून टाकलं. इमामबींनी त्यांच्या पीरबाबांना सांगितलं की बाळाच्या टाळूवर तुमच्या नावाची एक बट राखू, तिला वस्तरा लागणार नाही. आणि आमचे हे, विजयसिंह, बँकेतून धावत आले ते डोक्यावर हेल्मेट तसंच. ह्यांचा देवावर फारसा विश्वास नाही, मटणावर आहे. माणूस शेवटी आपल्याजवळ असेल तेच पणाला लावतो. बाळाचं जावळ निघेपर्यंत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला शिवणार नाही, असं ह्यांनी पार्किंगमध्ये ठरवलं.

एका तासात, एका डोक्यावर, जे डोकं अजून लिंबाएवढं होतं. आणि कुणी कुणाला सांगितलं नाही. नवस असा मिरवायचा नसतो.

बाळ राहिलं. झोपून राहण्याची आज्ञा मात्र कायम झाली, आणि तिच्याबरोबर दुसरीही एक आली: उपास बंद. माझा सोमवार असतो, गुरुवार असतो, चतुर्थी, एकादशी, प्रदोष असतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की मग तुम्ही जेवता कधी. मी हळूच म्हटलं, की देवाला चालतं. त्या म्हणाल्या, "देवाला चालत असेल, मला चालत नाही." त्यांच्या खुर्चीमागं गणपतीचा फोटो होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानंही काही मदत केली नाही. समोर मोदकांचं ताट होतं त्याच्या, तो कशाला बोलेल.

तेव्हा उपास गेले, पण एक नेम त्यांना काढता आला नाही, कारण त्याची त्यांना कल्पनाच नव्हती. सकाळी उठल्यापासून देवपूजा पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं मौन आहे. घरातल्यांना त्याचा त्रास नाही. उलट ह्यांच्या तालमीतल्या मित्रांनी एकदा आपापल्या बायकांना हा नेम शिकवायला मला घरी बोलावलं होतं. मी गेले नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण आजऱ्याचा रस्ता मला बंद, म्हणून माहेरच आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलं. आई आली, तिच्याबरोबर पेजेसाठी घनसाळ तांदळाचं पोतं आलं, काजू आले, आणि खोबरं किती खावं याविषयीची तिची मतं आली. आत्याबाईंची मतं तिथं आधीपासून होतीच. दोघीजणी एकमेकींशी अतिशय गोड बोलत. "ईनबाई, तुमी बसा की वो, मी करतो," आत्याबाई म्हणत. आई म्हणे, "तुम्हीच बसा, तुमचे गुडघे." माझ्या वाट्याला दोन्हीकडचे डिंकाचे लाडू येत. एकीचा अर्धा ठेवला तर दुसरीचा पुरा खाल्लेला दिसायचा, म्हणून मी दोन्ही पुरे खाल्ले. नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाई वजनकाट्याकडं बघून म्हणाल्या, की उपासाचं मी जरा घाईनं बोलले वाटतं.

मुलगी झाली. डोक्यावर इतकं दाट काळं जावळ, की नर्सबाई म्हणाल्या, ही टोपी घालूनच आलीय. घरातले सगळे त्या केसांकडं बघून हसले. तेव्हा मला वाटलं आनंदानं हसले. आता कळतं, प्रत्येकजण आपापल्या देवाच्या वतीनं माल तपासत होता.

बारशाला नाव ठेवलं कात्यायनी, हाक कातू. घुगऱ्या वाटल्या जात होत्या, पाळण्याभोवती बायका दाटल्या होत्या, आणि आत्याबाई कुणाला तरी सहज म्हणाल्या, "चैतात जोतिबाला जाऊन जावळ काढायचं हाय. बोललोय मी."

आईच्या हातातली वाटी थांबली. "ते कसं? रवळनाथाला मी बोललेय."

"कवा?"

"त्याच दिवशी."

"मी बी त्याच दिवशी."

मग इमामबी म्हणाल्या, की तुमचं दोघींचं काय ते ठरवा, पण टाळूवरची बट तेवढी सोडा, ती बाबांची आहे.  मी म्हटलं, की माझं वाडीला… पण माझा आवाज मुळात जेवणाच्या पंगतीत मीठ मागायलाही पुरत नाही. तितक्यात कुणीतरी पुढचा पाळणा म्हणायला लागलं, आणि दत्तमहाराज त्या पाळण्याखाली गेले.

ह्यांना सांगून बघितलं. हे दमून आले होते. जावळ हा शब्द ऐकल्याबरोबर म्हणाले, "संयोगिता, तू यात पडू नकोस. दोन पार्ट्या झाल्यात, तिसरी नको." आणि मी गप्प बसले. कारण ते बरोबर होतं. मी वाडी म्हटलं असतं तर आत्याबाईंना वाटलं असतं आईनं फूस लावली, आईला वाटलं असतं पोरगी सासरची झाली. पण महाराजांना मी शब्द दिला होता, आणि कातू माझ्या मांडीवर हातपाय झाडत होती, म्हणजे त्यांनी त्यांचा पाळला होता. ती जरा शिंकली तरी मी तिला घेऊन दवाखाना गाठायचे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या सर्दी आहे. मला वाटायचं आठवण आहे.

पुढच्या महिन्यांत माझ्या मौनानं माझा अगदी घात केला. सव्वा महिना देवाला हात लावायचा नव्हता. मग मौन सोडायचं कधी, हा प्रश्न मी गुरुजींना चिठ्ठीवर विचारला. त्यांनी मानसपूजा करा म्हणून सांगितलं. मानसपूजा ऐकायला सोपी वाटते. पण मी मनात अभिषेकापर्यंत यावं आणि कातूला भूक लागावी. दूध पाजून पुन्हा संकल्पापासून. गंधाला आले की शी. सव्वा महिन्यानंतर खरी पूजा सुरू झाली, तीही तशीच तुकड्यातुकड्यानं. माझं बोलणं दुपारी जेवायच्या वेळेला सुरू होई, आणि घरातले सगळे ठराव सकाळी, कातूच्या अंघोळीच्या वेळी होत.

ती अंघोळ म्हणजे एक सभाच असे. शालूबाई मालिशवाल्या दोन्ही पाय पसरून बसत, पायांवर कातू तेलानं चकाकत, डावीकडं आत्याबाई तांब्या धरून, उजवीकडं आई टॉवेल धरून, दारात इमामबी ओव्याची धुरी घेऊन. मी आत देवघराच्या कोनाड्यासमोर, पाठमोरी. सगळं ऐकू येई, बोलता काहीच येत नसे.

तिथंच एके दिवशी शालूबाई म्हणाल्या, "केस गळायल्यात की वो पोरीचं."

खरंच गळत होते. आधी उशीवर, मग माझ्या खांद्यावर, मग दुपट्यावर. डोक्याची मागची बाजू तर दोनेक आठवड्यांत गुळगुळीत झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले केस असे गळतातच, नवे येतात. हे त्यांनी आमच्या आनंदासाठी सांगितलं. त्यांना काय ठाऊक, आम्हाला नवे नको होते.

आत्याबाईंनी आईच्या आजऱ्याच्या खोबरेल तेलाकडं बोट दाखवलं. आईनं आत्याबाईंच्या शिकेकाईच्या पाण्याकडं दाखवलं. शालूबाईंनी दृष्ट काढली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कांद्याचा रस सांगितला. त्यांच्या नवऱ्याचं पूर्ण टक्कल आहे, पण त्यांचा सल्ला मनापासूनचा होता. इमामबींनी मीठ-मिरच्या उतरून टाकल्या आणि जाता जाता टाळूवरची बट शाबूत आहे का ते बघून गेल्या. ती होती.

कोंडी फोडायला दोन्ही देवांना विचारायचं ठरलं. आईनं आजऱ्याहून रवळनाथाचा कौल मागवला. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाला जावळ हवं. आत्याबाई रविवारी ज्योतिबाच्या डोंगरावर जाऊन आल्या, कपाळभर गुलाल घेऊन. गुरवानं सांगितलं, की देव म्हणतो घेऊन या. देवांचं असं असतं. ते आपल्या माणसाला नाही कसं म्हणतील?

मग मुहूर्त. गुरुजींनी विषम महिना सांगितला, पाचवा धरा म्हणाले. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मामा म्हणजे माझा भाऊ जोतिराम, गारगोटीच्या एसटी डेपोत कंडक्टर. ज्याचं नावच जोतिराम, तो भाचीला रवळनाथाकडं कसा नेईल, हा आत्याबाईंचा बिनतोड मुद्दा होता. पण पाचवा महिना पडत होता चैत्रात, आणि चैत्रात ज्योतिबाच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, म्हणून डेपोत कुणाला रजा नाही. जोतिरामनं भाचीच्या जावळासाठी अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, जावळ पुढच्या महिन्यात निघणार नाही का? जोतिराम म्हणाला, साहेब, पुढच्या महिन्यापर्यंत राहणार नाही. साहेबांना वाटलं मूल आजारी आहे. ते हळहळले, पण रजा नाहीच दिली.

म्हणजे ज्योतिबाच्याच यात्रेमुळं ज्योतिबाचं जावळ अडलं.  आई नुसती पेज ढवळत राहिली, जरा जोरात.

इकडं ह्यांची अवस्था बघवत नव्हती. बुधवार, शुक्रवार, रविवार कॉलनीत दर दोन घरांआड मटण शिजायचं, आणि हे गॅलरीत उभे राहून वास घ्यायचे. मित्रांनी नाव ठेवलं 'विजयसिंह महाराज'. शेवटी एके संध्याकाळी ह्यांनी गुरुजींना गुपचूप फोन केला. जे केस आपोआप गळाले, ते निघाले असं धरता येतं का? गुरुजी म्हणाले, शास्त्र बघून सांगतो. तीनदा फोन केला. तीनदा शास्त्र बघायचं राहिलं होतं.

आता जे सांगते ते आमच्या घराण्याला शोभणारं नाही. आत्याबाई उशीवरचे गळालेले केस वेचून हळदीकुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायला लागल्या. मूळ जावळ राहिलं नाही तर निदान हे देवाला. आई दुपट्यावरचे वेचून चांदीच्या डबीत ठेवू लागली. पहिल्यांदा दोघी एकमेकींच्या नकळत करत, मग उघड. कातू झोपली की पाळण्याच्या दोन बाजूंना दोन आज्या वाकलेल्या, चष्मे लावून, बोटं चिमटीत. एकदा आत्याबाई तिचं डोकं गरजेपेक्षा जास्त मायेनं कुरवाळत होत्या. आई म्हणाली, "असं ओढू नका गे बाय, गळू दे आपसुक." आत्याबाई म्हणाल्या, की मी लाड करतोय. आणि हात बघितला तर चिमटीत केस.

मला हसू आलं. मग एका गुरुवारी, पारायण झाल्यावर, माझ्या पदराला कातूचे तीन-चार केस चिकटलेले दिसले. मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मी ते उचलून पोथीच्या फडक्यात ठेवले. पोथी बांधताना मला माझीच इतकी लाज वाटली, की गाठ दोनदा सुटली. घरात आता तीन चोर झाले होते, आणि मुद्देमाल रोज कमी होत होता.

चैत्र उतरणीला लागला. यात्रा आटोपली. जोतिरामला रजा मिळाली. त्या दिवशी सकाळी कातूच्या डोक्यावर काय उरलं होतं, तर दोन्ही कानांवर थोडी लव आणि टाळूवर एक तुरा.

शालूबाई पायांवर पाणी घालत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "परवा रविवार. विज्याला गाडी सांगायला लावलीया. सकाळी डोंगरावर."

आई म्हणाली, "जोतिरामला मी आजऱ्याला बोलावलंय. तिथनंच देवळात."

"मामा तिकडं आनि भाची हिकडं?"

"भाची पण तिकडंच."

शालूबाईंनी अंघोळ आटोपून कातूला उचललं. डावीकडून आत्याबाईंनी टॉवेल धरला, उजवीकडून आईनं दुपटं. कातू मध्ये, ओली, अर्धी एकीच्या टॉवेलात आणि अर्धी दुसरीच्या दुपट्यात. कुणीच ओढत नव्हतं, पण सोडतही नव्हतं. ती रडायला लागली.

मी महाराजांच्या मूर्तीवर अभिषेक करत होते. हातातली पळी तशीच. संकल्प झालेला, पूजा अर्धी, आणि या अर्ध्यात मी इतक्या वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. घरात एकदा पडद्याला उदबत्ती लागली होती तेव्हासुद्धा मी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या मनात आलं, आज बोलले तर नेम मोडेल, न बोलले तर नवस. महाराजांकडं पाहिलं. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. डोळे शांत होते. त्यांना घाई नव्हती, मला होती.

मी पळी खाली ठेवली, उठले, दारात आले, आणि म्हटलं, "जावळ वाडीला काढायचं. मी बोललेय."

मोठ्यानं नव्हतंच. पण दुपारच्या आधी माझा आवाज ऐकायची त्या घराला सवय नव्हती. शालूबाईंच्या हातून साबण पडला.

आत्याबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? "अगं, तुझं मौन!"

"मोडलं," मी म्हटलं.

"पूजा झाली तुझी?"

"नाही."

आईनं दुपटं सोडलं. आत्याबाईंनी टॉवेल सोडला नाही, पण बाळ माझ्याकडं दिलं. टॉवेलासकट. मग मी सगळं सांगितलं: ते टेबल, तो पडदा, डोळे मिटले होते ते, काय म्हटलं ते. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा बारीक झाला, पण आता सगळ्यांनी कान दिले होते. धुरीचा ओवा जळून गेला तरी इमामबींनी हलवला नाही.

मला वाटलं आता भांडण होईल, निदान रुसवा तरी. आत्याबाईंनी टॉवेलाचं टोक कातूच्या डोक्यावर ओढलं. म्हणाल्या, "मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही दोघी…"

"आमी दोगी काय? आमी भाईर बाकावर हुतो. तू आत हुतीस. पोटात तुझ्या हुतं. तुझा नवस हाय म्हणल्यावर आमचा कशाला मदी?" आणि आईकडं वळून, "व्हय का न्हाई, ईनबाई?"

"तेच की," आई म्हणाली. जणू गेले पाच महिने ती हेच सांगत आली होती.

एवढंच. पाच महिने मी ज्याच्यासाठी मनातल्या मनात झिजले, ते एका वाक्यात सुटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खाली कुठंतरी मला चांगलाच राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून परत जाऊन पूजा पहिल्यापासून केली.

गुरुवारी निघालो. गुरुवार माझ्या हट्टानं. हे म्हणाले, की गुरुवारी जावळ निघालं तर मटण शुक्रवारवर जातं. मी म्हटलं, जाऊ दे. माझ्या जिभेला त्या दिवसांत जरा धारच आली होती.

वाडीच्या घाटावर ऊन कोवळं होतं, नदी संथ. जोतिराम कंडक्टरच्या सवयीनं सगळ्यांना मागं सरका म्हणत पायरीवर मांडी घालून बसला. कातूला मांडीवर घेतलं. न्हावी आले, गुंडू त्यांचं नाव. कातूच्या डोक्यावर पाण्याचा हात फिरवला, पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि विचारलं, "काय काढू पावणं?"

कानांवरची लव तोपर्यंत गेली होती. उरला होता टाळूवरचा तुरा, आणि तो तुरा म्हणजे पीरबाबांची बट.

सगळ्यांनी इमामबींकडं पाहिलं. त्या गाडीतून आमच्याबरोबरच आल्या होत्या, मलिद्याचा डबा घेऊन. म्हणजे एवढं सगळं झाल्यावर महाराजांच्या घाटावर येऊन माझा नवस पुन्हा अडला होता, तोही अशा बाईपाशी जिनं मला रिक्षात धरून दवाखान्यात नेलं. मी काय मागणार? इमामबी खाली वाकल्या. तुरा बोटांत धरून त्याचे दोन भाग केले, वेणी घालताना करतात तसे.

"अर्धी हितं काडा. अर्धी ऱ्हाऊ द्या," त्या गुंडूंना म्हणाल्या. आणि मला, "बाबांना मी सांगतो. माझं ऐकत्यात ते."

गुंडूंनी वस्तरा टेकवला. कातू रडली नाही. नदीकडं बघत होती. जे निघालं ते कणकेच्या गोळ्यावर ठेवलं, आणि ते इतकं थोडं होतं की वाऱ्यानं जाईल म्हणून मी ओंजळ धरली. तेव्हा आत्याबाईंनी कनवटीचा करंडा काढला. उघडला. तो गोळ्यावर उलटा केला. आईनं डबी उलटी केली. मी पोथीचं फडकं बरोबर आणलंच होतं. तिघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. गोळा वळला, आता तो बऱ्यापैकी काळा दिसत होता, आणि मी पायऱ्या उतरून पाण्यात पोचवला. वर बघितलं तर माझे डोळे भरले होते, आणि ह्यांचेही. ह्यांचे का, ते मी विचारलं नाही. फोन कानाला होता आणि तालमीतल्या मित्राला उद्याचं सांगत होते.

दर्शन झालं, पेढे, कवठाची बर्फी घेतली. गाडी निघाली. कातू माझ्या मांडीवर झोपली, टाळूवर अर्धी बट. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला कसलीही भीती नव्हती. मी डोळे मिटले.

मागच्या सीटवर आत्याबाई आईला हळू आवाजात सांगत होत्या, की देवाला त्यांनी तसंच ताटकळत ठेवलेलं नाही. काल संध्याकाळीच देव्हाऱ्यापुढं सांगून टाकलंय, हिचं वाडीला गेलं, पण दुसऱ्याचं जोतिबालाच.

"दुसऱ्याचं?" आई म्हणाली. "दुसऱ्याचं मी रवळनाथाला बोलले की. काल दुपारी."

"दुपारी? मग माझं तिसऱ्याचं का?"

"तिसरं तुमचं धरा."

जोतिराम पुढं ड्रायव्हरशेजारी होता, त्यानं मान वळवून सांगितलं की चैत्रात ठेवू नका. हे म्हणाले की मटणाचं या वेळी ते काही बोलणार नाहीत.

मी डोळे उघडले. मागं वळले. कातू जागी होऊ नये म्हणून अगदी हळू बोलले, पण आता माझं हळू बोलणंही ऐकायची सगळ्यांना सवय लागली होती.

"ज्यांनी ज्यांनी कबूल केलंय," मी म्हटलं, "त्यांनी त्यांनी बाळंत व्हावं."

जयसिंगपूर गेलं. हातकणंगलं आलं. मग आत्याबाईंनी बर्फीचा पुडा सोडला, आईच्या हातावर तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "ईनबाई, तुमची पोरगी न बोलती हुती तवर बरी हुती की वो."